फजल सारंगाचा पाऊण तास

माझा स्वभाव तापट आहे. दिवाळे गावात कुणालाही विचारा, सांगेल. माझी बायको सखू तर न विचारताच सांगेल. तेव्हा मी फजल सारंगाचं नाव काढलं आणि कुणी म्हणालं, "हां, तो बोटवाला ना," की माझं टाळकं सरकतं. बोटवाले पुष्कळ असतात. आमच्या फेरीबोटीला सात वर्षांत मालकच तीन झाले. पण सारंग, म्हणजे जिच्यावर गाड्या आणि माणसं भरलीत त्या बोटीचं सुकाणू ज्याच्या हातात, तो एकच होता. पहिल्या दिवसापासून तोच. आणि त्याच्या पायाखालची दोन्ही इंजिनं मी चालवली, मी, कमळाकर कोळी. तेव्हा ही गोष्ट मीच सांगणार.

बोट कशी होती ते आधी ऐका. सपाट बुडाची, लोखंडी. पुढे खाली पडणारा रॅम्प, मधे गाड्यांना मोकळी जागा, मागे इंजिनं आणि त्यांच्या डोक्यावर सारंगाची केबिन. आठ मोटारी मावायच्या, नाहीतर चार मोटारी आणि दोन टेम्पो, शिवाय कडेने माणसं आणि आमच्या बायकांच्या मासळीच्या पाट्या. दिवाळ्याच्या धक्क्यावरून निघायचं आणि खाडी ओलांडून जासईच्या रस्त्याला लावायचं. अर्ध्या तासाचं काम. तेच गाडीने पनवेलला वळसा घालून गेलात तर दीड तास, आणि कंटेनरचे ट्रेलर आडवे आले की त्या दिवशी पोचलात तरी नशीब समजा.

पहिले मालक जासईचे कुंदनशेठ. त्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या तेव्हा भाऊबंदांनी जीपगाड्या घेतल्या, बंगले बांधले. हे गृहस्थ गोव्याला गेले आणि एक जुनी फेरीबोट घेऊन आले. साल एक्याण्णव. गावाने वेड्यात काढलं. त्यांनी बोटीला रंग दिला, मुलीचं नाव घातलं, 'सुचिता', आणि सारंग शोधायला लागले.

तीन जण आले. दोघांकडे सरकारी सर्टिफिकेट होतं. ते केबिनमध्ये चढले, सुकाणू फिरवून बघितलं, इंजिन किती हॉर्सपॉवरचं विचारलं. तिसरा फजल. मूळचा मुरुडकडचा, कोकणी मुसलमान, बेलापुरात मेहुण्याकडे राहिलेला. सडसडीत, पन्नाशीला आलेला, कपाळावर नमाजाचा घट्टा. बापाबरोबर गलबतावर वाढला, मग मुंबई बंदरात लाँचवर खलाशी होता. कागद म्हणाल तर चौथीचा दाखला. तो बोटीवर चढलाच नाही. चपला काढल्या, लुंगी वर खोचली, बांबू घेतला आणि ओहोटीला चिखलात उतरला. दहा पावलं जायचा, बांबू रोवायचा, किती आत गेला बघायचा, पुढे. असे तीन दिवस. मी धक्क्यावर बसून हसत होतो. मला वाटलं, याचं काहीतरी हरवलंय.

चौथ्या दिवशी तो कुंदनशेठना म्हणाला, "शेठ, आता बोट दाखवा."

"सर्टिफिकेट?" शेठनी विचारलं.

"नाही."

कुंदनशेठ शिकलेले नव्हते, पण माणूस ओळखायचे. ते म्हणाले, "ते दोघं बोट बघून गेले. याने खाडी बघितली. याला ठेवा." झालं. तेव्हा कागद कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलंच तर शेठ त्याला जेवायला घालायचे.

त्या तीन दिवसांत फजलला जे कळलं होतं ते आम्हा दिवाळ्याच्या कोळ्यांना जन्मापासून माहीत होतं, पण आमच्या होड्या हलक्या, म्हणून आम्ही कधी मनावर घेतलं नव्हतं. खाडीच्या मधोमध गाळाचा एक लांब उंचवटा आहे. आम्ही त्याला पाठ म्हणतो. पूर्ण भरतीनंतर चार तासांपर्यंत भरलेली बोट त्या पाठीवरून सरळ जाते. त्यानंतर गेलात तर बसलात. मग तिवरांच्या झाडीच्या कडेने लांबच्या खोल पाण्यातून जायचं, चाळीस मिनिटं जास्त. म्हणजे रोजची पहिली गोष्ट काय, तर आज भरती किती वाजता, हे पक्कं करणं.

ते आम्ही असं करायचो. आमच्या किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. एक तिथी इकडची तिकडे झाली की पाऊण तासाचा फरक. तिथी मी घरच्या कॅलेंडरवरून बघून जायचो. फजल त्याच्या चांदावरून मोजायचा. चांद दिसल्यावर त्यांचा महिना लागतो, त्यामुळे त्याचा आकडा माझ्यापेक्षा एकाने मागे असायचा. सकाळी इंजिनं चालू करायच्या आधी तो केबिनमधून वाकून विचारायचा, "किती?" मी म्हणायचो, "पाच." तो म्हणायचा, "माझे चार. बरोबर." मग केबिनच्या दारावर खडूने वेळ लिहायची. एका धर्माचं गणित दुसऱ्याने तपासायचं. सात वर्षांत एकदाही आम्ही हे केल्याशिवाय दोरी सोडली नाही, आणि मला त्याचा इतका गर्व होता की मी नेरूळच्या बाजारात भाजीवाल्यालाही ते सांगत बसायचो.

चौऱ्याण्णवला कुंदनशेठनी बोट एका कंपनीला विकली. कंपनीने 'सुचिता' खरवडून 'क्रीक क्वीन' लिहिलं, आम्हाला पांढरे युनिफॉर्म दिले आणि मॅनेजर म्हणून बाबासो नावाचा माणूस पाठवला. सांगलीकडचा. अंगाने दांडगा, मिश्या झुपकेदार, कामाला चोख. फक्त खाडी त्याने आयुष्यात बघितली नव्हती. आल्या आल्या त्याने धक्क्यावर रंगवलेला बोर्ड लावला, दर तासाला फेरी, घड्याळाच्या ठोक्याला. मी भडकलो. मी म्हटलं, साहेब, पाणी तुमच्या कंपनीत नोकरीला नाही. तो म्हणाला, तुमी इंजिनाकडं बघा.

फजल एका शब्दाने भांडला नाही. दुसऱ्या दिवशी तो बाबासोला म्हणाला, "साहेब, आज दुपारच्या फेरीला तुम्ही धक्क्यावर उभे राहा." दुपारी पूर्ण ओहोटी. बोट पलीकडून वळसा घालून आली, रॅम्प पडला, आणि रॅम्पचं टोक आणि धक्का यांच्यामध्ये पुरुषभर चिखल. गाड्यांमधले लोक बाबासोकडे बघतायत, बाबासो चिखलाकडे. शेवटी तो म्हणाला, "आवं, हे पानी गेलं कुटं?"

"येतं परत," फजल म्हणाला. "अडीच तासांनी."

त्या संध्याकाळी बाबासोने स्वतःच्या हाताने बोर्ड उतरवला आणि त्या जागी फळा लावला. मग रोज सकाळी तोही आमच्यात येऊन उभा राहायचा आणि आमचे आकडे ऐकून फेऱ्या खडूने लिहायचा. चूक कबूल करायला त्याला एक दिवस लागला. मला पुढे किती लागले ते सांगतोच.

कंपनीने एक गोष्ट मात्र वाईट केली. कायद्याप्रमाणे बोटीवर सर्टिफिकेटवाला मास्टर पाहिजे. त्यांनी मुंबईतल्या एकाचं नाव कागदावर ठेवलं, तो कधी आलाच नाही, आणि सुकाणूवर फजल. कागदावर एक, पाण्यावर एक. फजलला हे लागायचं. तो बोलायचा नाही, पण तपासणीला कुणी आलं की त्याला केबिनमधून खाली उतरून खलाशांत उभं राहावं लागायचं, आणि उतरताना तो कुणाकडे बघायचा नाही. मला तर त्या तपासणीवाल्यांना इंजिनखोलीत कोंडावंसं वाटायचं.

सत्याण्णवच्या दिवाळीनंतर तिसऱ्या मालकीण आल्या. मेहरुन्निसा, पनवेलच्या लाकडाच्या व्यापाऱ्याची विधवा. नवरा गेल्यावर वखार त्यांनीच वाढवली. आम्ही त्यांना भाभी म्हणायचो. डोक्यावर पदर, पायात पुरुषी बूट, आणि आवाज असा की इंजिन चालू असतानाही ऐकू यायचा. पहिल्या दिवशी बोट बुडापासून छपरापर्यंत बघितली. मग कागद बघितले. मग फजलला म्हणाल्या, "फजलभाई, सुकाणूवर तुम्ही, आणि इथे नाव दुसऱ्याचं. हे काय?"

फजलने सांगितलं.

"माझ्या बोटीवर हे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "परीक्षा द्या. तोंडी असते, मराठीत देता येते, मी चौकशी केली. फेब्रुवारीअखेरपर्यंत सर्टिफिकेट आणलंत तर जन्मभर सुकाणू तुमचं. नाही आणलंत तर एक मार्चला दुसरा माणूस. मला वाईट वाटेल, पण आणीन."

मला राग आला, अर्थात. पण फजलच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते राग नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं की तुझं नाव तिथे पाहिजे. त्याची मुलगी कैनात नेरूळच्या कॉलेजात शिकत होती. ती रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन त्याला नियमांचं पुस्तक वाचून दाखवायला लागली. समोरून बोट आली तर कुठल्या बाजूला वळायचं, धुक्यात भोंगा किती वेळा, कुठला दिवा कुठे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि शब्दन्‌शब्द परत म्हणायचा. आम्ही सगळे त्याच्या परीक्षेला बसलो होतो म्हणा ना.

आणि त्यात मी माती खाल्ली.

जानेवारी होता, रमजानचा पाचवा रोजा. घरी आमची भिंत सारवायला काढलेली, म्हणून सखूने कॅलेंडर उतरवून कुठेतरी ठेवलेलं. मी ओरडलो, कॅलेंडर कुठाय. ती म्हणाली, शोधा. मी म्हटलं, मी शोधणार नाही. ती म्हणाली, मग नका शोधू. एवढंच. मी रागाच्या भरात चहा न पिता निघालो. तिथी न बघता.

धक्क्यावर फजल वाकून म्हणाला, "किती?"

मला म्हणता आलं असतं, आज बघितलं नाही, समोरच्या घरात जाऊन बघून येतो. पाच मिनिटं लागली असती. पण बाबासोच्या काळापासून ज्या गणिताच्या मी बढाया मारल्या, ते मी बघायला विसरलो असं कसं म्हणणार. मी म्हटलं, "तुमचे आधी सांगा."

"पाच."

आता गंमत बघा. आधीच्या महिन्याच्या सुरुवातीला अवकाळी ढग होते, चांद दिसला नव्हता, म्हणून त्यांनी त्याच्याही मागच्या महिन्याचे तीस दिवस पुरे केले आणि त्याचा आकडा माझ्यापेक्षा दोनाने मागे पडला. महिनाभर मी पाच म्हटलं की तो तीन म्हणायचा. ते दोन माझ्या डोक्यात बसले होते. रमजानचा चांद मात्र वेळेवर दिसला, फरक परत एकाचा झाला, आणि मी त्या सकाळी सवयीने दोन मिळवले.

"माझे सात," मी म्हटलं.

फजल जरा थांबला. "काल तुझे पाच होते. आज सात?"

"मधली षष्ठी क्षय झाली," मी म्हटलं. पंचांगात होतं असं कधीकधी, तिथी गळते. त्याला ते माहीत होतं, पण कधी गळते ते तो माझ्यावरच सोपवायचा. त्याने मान हलवली आणि दारावर खडूने लिहिलं. पाठ सव्वानऊपर्यंत उघडी.

खरी षष्ठीच होती. पाठ साडेआठलाच बंद झाली होती.

पावणेनऊला आम्ही भरून निघालो. सहा मोटारी, एक टेम्पो, चाळीसएक माणसं, आणि त्यांत पाटी घेऊन माझी बायको, माझ्याकडे पाठ करून. नऊच्या ठोक्याला बोटीखालून कुणीतरी हात लावल्यासारखं झालं. धक्का नाही, आवाज नाही. नुसती मंद झाली आणि थांबली.

नवखा सारंग काय करतो, तर इंजिनं जोरात मागे घेतो. तसं केलं की चिखल आत ओढला जातो आणि दोन्ही इंजिनं कायमची बसतात. माझा हात दांड्यावर गेला होता, तोच वरून आवाज आला, "कमळाकर, बंद." मी बंद केली. इतकी शांतता झाली की पाट्यांमधून पाणी ठिबकताना ऐकू येत होतं.

फजल खाली आला. आधी प्रत्येक गाडीच्या चाकाखाली लाकडी ठोकळे घातले. मग छोटी होडी सोडून नांगर मागच्या बाजूला लांब टाकून आला, म्हणजे पाणी वाढेल तेव्हा ते बोटीला आणखी गाळावर ढकलणार नाही. मग गाड्यांच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "मी बोट रुतवली आहे. कुणाला काही होणार नाही. पाणी अजून थोडं उतरेल, मग चढेल. एकच्या आत आपण निघू."

एक मोटारवाला खूप बोलला. कोर्टापासून पेपरपर्यंत सगळं काढलं. फजलने ऐकून घेतलं, त्याला पिण्याचं पाणी दिलं, बायकांना केबिनच्या सावलीत बसवलं. स्वतः रोज्याचा, ओठ सुकलेले. मग कठड्याशी जाऊन तिवरांकडे बघत उभा राहिला. मी जवळ गेलो. तो माझ्याकडे न बघता हळू म्हणाला, "आज सहावी आहे."

प्रश्न नव्हता तो. मी हो म्हणायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी इंजिनखोलीत जाऊन कपड्याने पुसलेलेच नळ पुसत बसलो. थोड्या वेळाने सखू वाकून म्हणाली, "सकाली क्यालेंडर न बगताच गेलाव ना?"

मी नळच पुसत राहिलो.

"त्याला सांगा," ती म्हणाली आणि गेली.

पाऊण वाजता बोट हलली. एकच्या ठोक्याला पलीकडे रॅम्प पडला. गाडीला ओरखडा नाही, इंजिनाला कण नाही. लोक उतरले, त्या मोटारवाल्याने मात्र तक्रार दिली, ती बंदर खात्यात गेली. भाभींनी दोघांना बोलावलं.

"काय झालं?"

"माझी चूक," फजल म्हणाला. "वेळ चुकली."

भाभी माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे. त्या म्हणाल्या, "फजलभाई, हा रिपोर्ट परीक्षेला समोर येणार. साहेब नापास करतील तर मी काही करू शकत नाही. एक मार्च म्हणजे एक मार्च."

तीन दिवस गेले. बाबासोला एक दिवस पुरला होता. सखू घरात माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी ताट वाढताना बोलली ते असं, "राग येवढा मोठा तुमचा, आनि हिंमत येवढीशी हाय." मी ताट सारून उठलो. भांडायला नाही. बेलापुरात फजलच्या घरी गेलो.

रोजा सोडायची वेळ होती. त्याने मला बसवलं, माझ्याही हातात खजूर दिला. मी खजूर हातात धरून सगळं सांगितलं. कॅलेंडर, दोनाचा फरक, क्षयाची थाप. तो ऐकत होता.

"मला त्याच दिवशी कळलं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

मी कैनातकडून कागद मागून तिथेच लिहून दिलं की आकडा मी चुकीचा दिला, सारंगाला खोटं सांगितलं, सही कमळाकर कोळी. म्हटलं, हे साहेबांना दाखवा. त्याने चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मुंबईला बंदर खात्याच्या ऑफिसात. रिपोर्टात माझं नाव असल्यामुळे मलाही बोलावलं होतं. मोठी खोली, उंच पंखा, आणि टेबलामागे एक बारकेसे साहेब, चष्मा कपाळावर चढवलेला. फजलने नवा सदरा घातला होता. साहेबांनी तासभर विचारलं. दिवे, भोंगे, नांगर, आग लागली तर, माणूस पडला तर. फजल एकाही ठिकाणी अडला नाही. उलट आग कशी विझवायची ते सांगताना साहेबांनी दोनदा मान डोलवली, आणि मला वाटलं, उठून सगळ्या ऑफिसला ओरडून सांगावं की हा आमचा सारंग आहे.

मग साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि रिपोर्ट उघडला. "चार जानेवारी. बोट गाळावर चढली. भरतीची वेळ कुणी काढली?"

"मी," फजल म्हणाला.

मी त्याच्या खिशाकडे बघत होतो. त्याचा हात खिशाकडे गेला. रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत ठेवला.

"म्हणजे चूक तुमची?"

"हो."

साहेबांनी पेन उचललं. तेव्हा मी उठलो. खुर्ची मागे पडली. मी म्हटलं, साहेब, थांबा, हा माणूस खोटं सांगतोय. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, कॅलेंडरपासून. माझा आवाज बाहेर कॉरिडॉरमध्ये जात असणार, कारण एक शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेवटी म्हटलं, यांच्या खिशात माझी लेखी चिठ्ठी आहे, बघा.

साहेबांनी हात पुढे केला. "दाखवा."

"ती त्याने मला दिली आहे, साहेब," फजल म्हणाला. "तुम्हाला नाही."

"हा म्हणतो आकडा त्याचा होता."

"आकडा त्याचाच होता."

"मग चूक तुमची कशी?"

फजल म्हणाला, "साहेब, पाठीजवळ आलो तेव्हा तिवरांची मुळं उघडी पडलेली मी बघितली. सव्वानऊपर्यंत पाठ उघडी असती तर त्या वेळी मुळं पाण्यात पाहिजेत. डोळ्यांना दिसत होतं की पाणी गेलं. पण दारावर खडूने लिहिलं होतं, म्हणून मी पुढे नेली. त्याने चुकीचा आकडा दिला. पण पाणी माझ्यासमोर होतं. चाळीस माणसं माझ्या भरवशावर होती, आकड्याच्या नाही. म्हणून चूक माझी."

मुळांचं हे मला माहीत नव्हतं. त्याने घरीही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझा भार निम्मा झाला असता. मला वाटतं, त्याला तो निम्मा करायचा नव्हता, मी स्वतःच उचलावा असं त्याच्या मनात होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आता आकडा विचारता की नाही?"

"रोज विचारतो. यालाच विचारतो. पण आधी मुळं बघतो."

"रुतल्यावर इंजिनं किती वेळात बंद केलीत?"

"लगेच," मी मध्येच म्हटलं. "बोट थांबली तोच आवाज दिला यांनी."

"तुम्ही बसा," साहेब मला म्हणाले. मग बराच वेळ लिहीत राहिले. लिहून झाल्यावर कागद फिरवून फजलपुढे केला आणि म्हणाले, "इथे सही करा, मास्टर."

मास्टर. फजलने सही केली. मराठीत केली, चौथीत शिकवतात तशी, प्रत्येक अक्षर सुटं. मी रडत होतो. शिपाई बघत होता, बघू दे म्हटलं. त्या खोलीत माझा ऊर जेवढा भरून आला तेवढा माझ्या लग्नातही आला नव्हता, आणि हे सखूलाही माहीत आहे.

बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा दुपार झाली होती. मला वाटलं आता तो हसेल, काहीतरी बोलेल. तो मला रागावला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"सारंग बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. खुर्ची पाडलीस."

"राहवलं नाही," मी म्हटलं.

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत तू उठलास ना, कमळाकर, त्यानंतर पास झालो काय आणि नापास झालो काय, मला त्याचं काही राहिलं नव्हतं."

मग आम्ही बेलापूरची बस धरली. भाभींना कधी एकदा कागद दाखवतो असं आम्हाला दोघांनाही झालं होतं.